जुन्या रॉकमधले सिंथेसायझरचे आवाज लॅपटॉपवर कसे घडवावेत : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

नाशिकमध्ये कीबोर्ड वाजवणारे बहुतेक जण दोन वाटांनी या वाद्याकडे येतात. काही जण पेटीच्या क्लासमधून वाद्यवृंदात जातात, तर काही कॉलेजच्या बँडमध्ये गिटारवाल्या मित्रांच्या आग्रहाने उभे राहतात. दोघांनाही कधी ना कधी पिंक फ्लॉइड, द हू किंवा व्हॅन हेलन यांच्या ध्वनिमुद्रणातला तो सिंथेसायझरचा आवाज आपल्या बोटांखाली यावा असे वाटते, आणि मग प्रीसेटचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तयार आवाजांचा, शोध सुरू होतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रीसेट भरपूर असतात आणि काहींची नावेही गाण्यांची आठवण करून देणारी असतात. परंतु ते लावून वाजवले की निघणारा आवाज रुंद आणि चकचकीत असतो, आणि मूळ आवाजाशी त्याचे नाते लागत नाही.

याचे कारण सॉफ्टवेअर कमी पडते हे नव्हे. ते जास्त देते, हे खरे कारण आहे. १९७० च्या दशकातल्या वाद्यांना अनेक गोष्टी करता येत नव्हत्या आणि त्यांच्या आवाजाचा स्वभाव त्या उणिवांतूनच घडला. म्हणून या लेखातली रीत अशी आहे : गाण्यात कोणते वाद्य आहे ते आधी ओळखायचे, त्या वाद्याला जे येत नव्हते ते सॉफ्टवेअरमधून काढून टाकायचे, आणि नॉब फिरवायला त्यानंतरच सुरुवात करायची.

१. साहित्य जमवा

- विंडोज, मॅक किंवा लिनक्स यांपैकी कोणताही बऱ्यापैकी अलीकडचा लॅपटॉप. आठ जीबी रॅम पुरते.
- पिच आणि मॉड्युलेशन अशी दोन्ही चाके असलेला मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली हे लॅपटॉपला कळवणारा), शक्यतो ४९ पट्ट्यांचा. २५ पट्ट्यांवर लीड (एकेका सुराची मुख्य धून) वाजते, पण दोन हातांचे कॉर्ड अडतात.
- वायरचा हेडफोन.
- जमल्यास दोन चॅनलचा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस.
- ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर. रीपर ६० दिवस कोणतीही सोय न अडवता वापरून पाहता येते. मॅकवर गॅरेजबँड आधीपासूनच असते.
- सर्ज एक्सटी हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर सिंथेसायझर. पुढच्या बहुतेक कृती याच्यावरच दिल्या आहेत.
- डेक्स्ड, हेही मोफतच. ते फक्त दहाव्या पायरीला लागेल.

घरी यूएसबी जोडणी असलेला कॅसिओ किंवा यामाहाचा कीबोर्ड असेल, तर नवीन मिडी कीबोर्ड घेण्याची घाई करू नका. बरेचसे घरगुती कीबोर्ड यूएसबीतून मिडी पाठवतात. फक्त त्याच्या सेटिंगमध्ये 'लोकल कंट्रोल' बंद करावे लागते. ते बंद करायचे राहिले तर कीबोर्डचा स्वतःचा पियानो आणि लॅपटॉपमधला सिंथ एकावर एक ऐकू येतात आणि नवशिक्याला वाटते की सॉफ्टवेअर बिघडले.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. ओळखीतून पेन ड्राइव्हवर 'सगळे प्लगइन' (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्ये आणि इफेक्ट) मिळण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली आहे. त्या वाटेने व्हायरस येतात, अपडेट येत नाहीत, आणि ऐन कार्यक्रमात प्लगइन उघडायला नकार देते. मोफत आणि वैध साधने आज इतकी चांगली आहेत की त्या वाटेला जाण्याचे कारण उरलेले नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर यू-हीचे दिवा आणि आर्टुरियाचा व्ही कलेक्शन संच यांच्या चाचणी आवृत्त्या आधी वापरून पाहा. दिवाचा आवाज फार सुंदर आहे, पण ते प्रोसेसरवर मोठा भार टाकते हे ध्यानात असू द्या.

२. लॅपटॉप वाजवण्याजोगा करा

पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या विलंबाला लेटन्सी म्हणतात, आणि ती मुख्यतः बफरच्या आकारावर ठरते. ४८,००० हर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद, तर १२८ सॅम्पलचा म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, इंटरफेस आणि ड्रायव्हर यांचा विलंब यात वेगळा मिळवावा लागतो. १२८ किंवा २५६ पासून सुरुवात करा आणि आवाजात चटचट येऊ लागली तर बफर वाढवा. विंडोजवर इंटरफेस कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर बसवा. इंटरफेस नसेल तर एसिओ-फोर-ऑल हा मोफत ड्रायव्हर काम भागवतो. ब्लूटूथ हेडफोन या कामासाठी अजिबात वापरू नका, कारण त्याचा विलंब इतका असतो की ताल सांभाळणे अशक्य होते.

नाशिकपुरत्या दोन सूचना. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि सकाळी व्यवस्थित चालणारा पॅच (सिंथवर जुळवून ठेवलेला आवाज) दुपारी तडतडू लागतो. अशा वेळी दोष पॅचमध्ये शोधत बसू नका. दुसरी सूचना पंचवटी आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत राहणाऱ्यांसाठी आहे. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या सॉकेटवर चार्जर लावला की इंटरफेसमधून घुंऽऽ असा आवाज येण्याची शक्यता बरीच असते. चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहा. गुणगुण थांबली तर दोष विजेच्या जोडणीत आहे आणि त्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवायचा आहे, ध्वनिमुद्रणात फिल्टर लावून ती झाकायची नाही.

३. गाण्यात कोणते वाद्य आहे ते ओळखा

या पायरीवर घालवलेला वेळ पुढे कित्येक पटींनी वाचतो, आणि तरीही बहुतेक जण हीच पायरी गाळतात. काही खात्रीच्या जोड्या देतो. इमर्सन, लेक अँड पामर यांच्या 'लकी मॅन' (१९७०) च्या शेवटी कीथ इमर्सन मूगचा मोठा मॉड्युलर सिंथेसायझर वाजवतो. पिंक फ्लॉइडच्या 'ऑन द रन' (१९७३) मध्ये लंडनच्या ईएमएस कंपनीचा सिंथी एकेएस आहे. त्यांच्याच 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' (१९७५) मध्ये रिचर्ड राइटचा मिनिमूग आणि सोलिना स्ट्रिंग आँसाँब्ल आहेत. रशच्या 'टॉम सॉयर' (१९८१) मधली गुरगुर ओबरहाइम ओबी-एक्सची आहे, आणि व्हॅन हेलनच्या 'जंप' मधला तो सर्वपरिचित कॉर्डांचा आवाज ओबरहाइम ओबी-एक्सएचा.

आता सापळा. द हू यांच्या 'बाबा ओरायली' (१९७१) ची सुरुवात ऐकून जवळजवळ प्रत्येक जण सिंथेसायझर शोधायला निघतो, पण तो आवाज लॉरी कंपनीच्या घरगुती इलेक्ट्रिक ऑर्गनचा आहे. त्या ऑर्गनमध्ये 'मरिंबा रिपीट' नावाची सोय होती. तिच्यामुळे दाबून धरलेले सूर आपोआप भराभर ठोकल्यासारखे वाजत. पीट टाउनशेंडने तीच वापरली. सिंथच्या फिल्टरशी (आवाजातला काही भाग, बहुधा वरची धार, कापणाऱ्या भागाशी) झटून हा आवाज मिळणार नाही, कारण त्यात फिल्टरचे काम जवळपास नाहीच. या गाण्याच्या नावातले 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा, ज्यांची समाधी आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मेहेराबादला आहे. नावाचा दुसरा भाग अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांच्यावरून आला.

४. कोरा पॅच उघडा आणि नको ते काढून टाका

सर्ज एक्सटीमध्ये टेम्प्लेट्स या विभागातला 'इनिट सॉ' हा पॅच उघडा. यात एक सॉटूथ (करवतीच्या दात्यांच्या आकाराची) लहर आहे आणि बाकी जवळजवळ काही नाही. पुढील गोष्टी एकेक करून तपासा.

पहिली गोष्ट व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टीवरच्या आघाताचा जोर. मिनिमूग, सोलिना आणि ओबी-एक्सए यांपैकी एकालाही हा जोर कळत नव्हता. पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्यावर ठरतो. तोच प्रकार इथे होता. म्हणून सर्जमध्ये व्हेलॉसिटीचा आवाजाच्या पातळीशी आणि फिल्टरशी असलेला संबंध शून्यावर आणा. एवढ्या एका बदलाने आवाज जुन्या काळाकडे लक्षणीय सरकतो. अपवाद यामाहा सीएस-८० चा आहे. १९७७ च्या या वाद्याला आघात तर कळत असेच, शिवाय दाबून धरलेल्या प्रत्येक पट्टीवरचा वेगवेगळा दाबही कळत असे.

दुसरी गोष्ट युनिसन. आधुनिक प्रीसेटमध्ये एकेका सुराला सात-सात सॉटूथ लावलेले असतात आणि तो रुंद, धुरकट आवाज नृत्यसंगीताचा आहे. युनिसन एकावर आणा. तिसरी गोष्ट इफेक्ट : सर्व खाने रिकामे करा. रिव्हर्बमध्ये (खोलीतल्या घुमाऱ्यात) बुडालेला आवाज घडवताना चूक ऐकू येत नाही, म्हणून पॅच कोरडाच घडवावा. चौथी गोष्ट 'ऑसिलेटर ड्रिफ्ट' (ऑसिलेटर म्हणजे मूळ लहर निर्माण करणारा भाग) : ही कळ सुरांना किंचित अस्थिर करते. मूग आणि ओबरहाइमसाठी ती थोडीशी वर घ्या, सोलिनासाठी शून्यावर ठेवा; कारण सहाव्या पायरीत येईल.

५. मिनिमूगची लीड

१९७० साली आलेल्या मिनिमूग मॉडेल डीला तीन ऑसिलेटर, एक फिल्टर आणि एका वेळी एकच सूर एवढेच होते. फिल्टर मात्र रॉबर्ट मूग यांचा प्रसिद्ध लॅडर फिल्टर, जो कटऑफच्या (जिथून कापणे सुरू होते त्या मर्यादेच्या) वर प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबल कापतो.

सर्जमध्ये आधी प्ले मोड 'मोनो एसटी' (एका वेळी एकच सूर) करा. या पद्धतीत जुनी पट्टी न सोडता नवी दाबली तर एन्व्हलप, म्हणजे सुराचा वेळेनुसार होणारा चढ-उतार, पुन्हा सुरू होत नाही. मिनिमूगमध्येही तसेच होते. प्ले मोडवर उजवी क्लिक करून सुरांची प्राथमिकता 'लो', म्हणजे सर्वांत खालच्या सुराला द्या. हे तपशील किरकोळ वाटतील, पण बोटांना ते ताबडतोब जाणवतात : खालचा सूर धरून ठेवला असताना वरच्या पट्ट्यांवर कितीही टिचक्या मारल्या तरी काही होत नाही, आणि उलट वरचा सूर धरून खाली टिचक्या मारल्या की झरझर मुरकी निघते. त्या काळच्या कित्येक लकेरी वाद्याच्या या सवयीला धरून बसवलेल्या आहेत. आधुनिक सॉफ्टवेअर मात्र बहुधा शेवटी दाबलेल्या सुराला मान देते.

आता ऑसिलेटर. पहिला सॉटूथ जसा आहे तसा ठेवा. दुसराही सॉटूथच घ्या आणि त्याला ५ ते ७ सेंटने चढवा. शंभर सेंटचा एक अर्धस्वर होतो, त्यामुळे हा फरक बेसूर वाटण्याइतका नसतो. ४४० हर्ट्झच्या सुरावर ५ सेंटचा फरक सेकंदाला सव्वा हेलकाव्याच्या आसपास येतो आणि आवाजात जी संथ हालचाल जाणवते ती हीच. तिसरा ऑसिलेटर एक सप्तक खाली, स्क्वेअर लहरीचा, पातळी इतरांपेक्षा कमी.

इथे एक मर्यादा पाळायची आहे. मूळ मिनिमूगला वेगळा एलएफओ (हालचाल देण्यासाठी संथ चालणारा ऑसिलेटर) नव्हता. कंपनासाठी, म्हणजे व्हायब्रॅटोसाठी, तिसरा ऑसिलेटरच हळू चालवून वापरावा लागे, आणि मग तो सूर म्हणून वापरता येत नसे. (२०१६ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीत स्वतंत्र एलएफओ दिला गेला.) त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रणात चाकाने दिलेले कंपन ऐकू येत असेल, तर तो आवाज बहुधा दोनच ऑसिलेटरांचा आहे असे धरून तिसरा बंद करा. आवाज बारीक झाल्यासारखा वाटेल, पण गिटार आणि ड्रमच्या सोबतीत तोच नेमका बसतो.

फिल्टरमध्ये लो-पास गटातला 'व्हिंटेज लॅडर' निवडा. कटऑफ ६०० ते ९०० हर्ट्झच्या दरम्यान आणि रेझोनन्स (कटऑफजवळचा भाग उठवणारी कळ) कमी, चौथ्या हिश्शापेक्षा खाली. फिल्टरच्या एन्व्हलपला अटॅक (चढण्याची वेळ) २० ते ४० मिलिसेकंद, डिके (नंतर उतरण्याची वेळ) एक सेकंदाच्या आसपास आणि सस्टेन (पट्टी धरली असताना टिकणारी पातळी) निम्मा द्या, आणि एन्व्हलपचा परिणाम इतकाच वाढवा की प्रत्येक सुराच्या सुरुवातीला तोंड उघडल्यासारखे वाटेल. मूळ वाद्यात रिलीजसाठी (पट्टी सोडल्यावर आवाज विरण्याच्या वेळेसाठी) वेगळा नॉब नव्हता. एका स्विचने डिकेचीच वेळ रिलीजला लागू होई, नाहीतर पट्टी सोडताच आवाज तुटे. सर्जमध्ये रिलीजचा आकडा डिकेइतका किंवा शून्याजवळ ठेवा. मधले आकडे मिनिमूगचे नव्हेत.

पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची वेळ) ६० ते १०० मिलिसेकंदांवर ठेवा. पेटी वाजवणाऱ्यांना इथे विशेष आनंद मिळेल, कारण पेटीवर जी मींड निघत नाही ती या सोयीने निघते. 'लकी मॅन'सारखी लांब घसरण हवी असेल तर हा आकडा बराच वाढवा आणि मोठ्या अंतराचे सूर घ्या. कंपनासाठी एलएफओची साइन लहर ५ ते ६ हर्ट्झवर ठेवून पिचला जोडा, तिची मात्रा शून्यावर ठेवा आणि ती मात्रा मॉड्युलेशन चाकाच्या ताब्यात द्या. कंपन सूर लावल्याबरोबर द्यायचे नसते. सूर स्थिर होऊ द्यावा आणि मग चाक वर घ्यावे.

हे सगळे आकडे सुरुवातीसाठी आहेत. शेवटचे माप कानाचे.

६. सोलिनाची तंतुवाद्ये

१९७४ मध्ये आलेले सोलिना स्ट्रिंग आँसाँब्ल नेदरलँड्सच्या एमिनेंट कंपनीने बनवले आणि अमेरिकेत ते एआरपीच्या नावाने विकले गेले. त्यात व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांची बटणे आहेत, पण ऐकणारा कोणीही त्याला खरी तंतुवाद्ये समजणार नाही, आणि त्या आवाजाची गोडी तिथेच आहे.

नवशिक्ये इथे मूगचीच रीत लावतात : अनेक सॉटूथ घेऊन ते एकमेकांपासून चढे-उतरे करतात. सोलिनाची रचना नेमकी उलटी आहे. त्यात सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा सूर तयार होतात आणि खालची सगळी सप्तके त्यांनाच दोनाने भागून मिळतात. त्यामुळे कोणत्याही सुराची सर्व सप्तके एकमेकांशी घट्ट बांधलेली असतात, त्यांच्यात तसूभरही बेसूरपणा येऊ शकत नाही. हालचाल येते ती पुढे असलेल्या आँसाँब्ल सर्किटमधून, जिथे हा स्थिर आवाज तीन विलंबवाहिन्यांतून जातो आणि एक संथ व एक जलद अशा दोन लहरी त्या विलंबांना सतत हलवत राहतात.

म्हणून सर्जमध्ये प्ले मोड पुन्हा 'पॉली' (अनेक सूर एकत्र) करा. पहिला ऑसिलेटर सॉटूथ, दुसरा सॉटूथ बरोबर एक सप्तक वर, डिट्यून शून्य आणि ड्रिफ्ट शून्य. फिल्टर जवळपास उघडा ठेवा. फक्त हाय-पास लावून १५० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. आवाजाच्या एन्व्हलपला अटॅक १०० ते २०० मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज अर्धा ते एक सेकंद. या टप्प्यावर वाजवून पाहिलेत तर आवाज स्वस्तातल्या ऑर्गनसारखा कोरडा वाटेल. तो तसाच वाटायला हवा. आता इफेक्टच्या पहिल्या खान्यात 'आँसाँब्ल' लावा आणि मिश्रणाची कळ हळूहळू वाढवा. हा इफेक्ट जुन्या विलंब-चिपांचीच नक्कल करतो, आणि मिश्रण पुरेसे वर गेले की ऑर्गनचा स्ट्रिंग्ज होतो. साधा 'कोरस' लावून हे साधत नाही, कारण त्यात ती जलद थरथर नसते.

वाजवताना डावा हात मोकळा ठेवा आणि उजव्या हाताने तीन-चार सुरांचे विस्तृत कॉर्ड संथपणे बदला. 'शाइन ऑन'च्या सुरुवातीला असेच पसरलेले कॉर्ड खाली आहेत आणि त्यांवर मिनिमूग एकेक सूर ठेवत जातो. पाचव्या आणि सहाव्या पायरीतले पॅच दोन ट्रॅकवर लावून हे करून पाहा. दोन कोरडे, साधे आवाज एकत्र येऊन काय होते ते कळेल.

७. सिंथीचे फिरते सूर

'ऑन द रन'चा पाया आठ सुरांचा आहे : ई, जी, ए, जी, डी, सी, डी, ई. सी हा षड्ज मानला तर ग प ध प रे सा रे ग, म्हणजे भूपाचे पाच सूर. आणि सुरुवातीच्या ईला षड्ज मानले तर हेच पाच सूर मालकंसाचे होतात. ओळीची सुरुवात आणि शेवट ईवर असल्याने कानाला दुसराच अर्थ जवळचा वाटतो, निदान मला तरी. मूळ वाद्याच्या झाकणातल्या कीबोर्ड-सीक्वेन्सरमध्ये हे सूर आधी संथपणे भरले गेले आणि मग वेग वाढवला गेला.

सर्जमध्ये सुरांचा आर्पेजिएटर (सूर आपोआप एकामागून एक वाजवणारी सोय) नाही, त्यामुळे ही ओळ रीपरच्या पियानो रोलमध्ये (सूर माउसने मांडण्याच्या खिडकीत) लिहा : वेग मिनिटाला सुमारे १६५ ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, प्रत्येक भागावर एक सूर. मोनो मोड, एक सॉटूथ, फिल्टर 'डायोड लॅडर', रेझोनन्स निम्म्याच्या वर आणि सस्टेन शून्य. मग ओळ चालू ठेवून कटऑफ हातानेच वर-खाली करा आणि ती हालचाल मुद्रित करा. एलएफओ लावून ही हालचाल आपोआप करून घेण्याचा मोह टाळा. मूळ ध्वनिमुद्रणातला जिवंतपणा अनियमित हाताचा आहे. झांजेसारख्या चिकचिकीसाठी नॉइझचा वेगळा ट्रॅक करा.

८. ओबरहाइमचे कॉर्ड

ओबी-एक्सएमध्ये प्रत्येक सुराला दोन ऑसिलेटर असत आणि आठ सुरांपर्यंत एकत्र वाजत. 'जंप'साठी दोन सॉटूथ घ्या, दुसरा ६ ते १० सेंट चढवा, ड्रिफ्ट थोडा वाढवा आणि फिल्टर 'ओबी-एक्सडी १२ डेसिबल' ठेवा. लॅडरपेक्षा हा फिल्टर कमी कापतो, म्हणून आवाज पितळी आणि मोकळा राहतो. कटऑफ बराच वर घ्या. फिल्टरच्या एन्व्हलपला अटॅक जवळपास शून्य आणि डिके मध्यम द्या.

मात्र निम्मे काम वाजवण्यात आहे. उजव्या हाताचे कॉर्ड बदलत असताना खाली सीचा खर्ज अढळ राहतो. कॉर्ड तोडून, मधल्या रिकाम्या जागा राखून वाजवावे लागतात. सस्टेन पेडलवर पाय ठेवलात तर पॅच कितीही अचूक असो, गाणे ओळखू येणार नाही. हात सुटे वाजू लागेपर्यंत पेडलची वायरच काढून ठेवा.

'टॉम सॉयर'ची गुरगुर याच पॅचमधून निघते. खालच्या सप्तकातला एकच सूर धरा, रेझोनन्स वाढवा, आणि कटऑफ वरून खाली एक-दोन सेकंदांत उतरू द्या.

९. ऑर्गनची ठोकणी

'बाबा ओरायली'साठी पल्स लहरीचा, फिल्टर उघडा ठेवलेला, अटॅक व रिलीज अत्यंत आखूड असलेला पॅच करा आणि भराभर ठोकले जाणारे सूर पियानो रोलमध्ये लिहून काढा. त्याच अल्बममधल्या 'वोंट गेट फूल्ड अगेन'मध्ये मात्र ऑर्गन ईएमएसच्या व्हीसीएस-३ मधून फिरवलेला आहे, म्हणजे तिथे फिल्टर खरोखर काम करतो : एक कॉर्ड धरून ठेवायचा आणि तालात चालणाऱ्या एलएफओने कटऑफ हलवायचा.

१०. १९८३ नंतरचे काचेरी आवाज

यामाहा डीएक्स-७ (१९८३) ची जात वेगळी. त्यात फिल्टर नाही, सहा ऑपरेटर (लहरी देणारे भाग) एकमेकांना एफएम पद्धतीने, म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता बदलत, हलवतात, आणि त्याला आघाताचा जोर कळतो. याच्यासाठी डेक्स्ड वापरा. मूळ वाद्याच्या सिसेक्स फाइली (त्याचे आवाज साठवलेल्या मिडी फाइली) त्यात थेट उघडतात, त्यामुळे आवाज नव्याने घडवण्याची गरज सहसा पडत नाही.

११. इफेक्ट आणि रंगमंच

पॅच कोरडा चांगला वाटू लागल्यावरच इफेक्टकडे या. लीडला ३०० ते ४०० मिलिसेकंदांचा एक डिले आणि थोडा प्लेट रिव्हर्ब, एवढे बहुतेक वेळा पुरते. डिलेचे परत येणारे आवाज लो-पासने थोडे मंद करा, म्हणजे टेपच्या डिलेची छटा येते.

कार्यक्रमात वाजवणाऱ्यांसाठी महत्त्वाची सूचना. गंगापूर रोड किंवा औरंगाबाद रोडवरच्या लॉन्समध्ये साउंडवाले दादा तुमच्याकडून बहुधा एकच वायर घेतील आणि सगळा आवाज मोनोत, म्हणजे डावे-उजवे एकत्र होऊन एकाच वाहिनीत, वाजेल. हेडफोनवर डावी-उजवीकडे पसरलेला कोरस मोनोत आला की त्याचे काही भाग एकमेकांना खोडतात आणि आवाज पोकळ होतो. मिनिमूगचे आउटपुट मुळात मोनोच होते, त्यामुळे लीडला काही होत नाही. सोलिना आणि ओबरहाइमचे पॅच मात्र घरीच मास्टर ट्रॅक मोनो करून तपासा आणि गरज पडल्यास इफेक्टची रुंदी कमी करा.

गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत गोदाकाठी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी स्पीकरवर बारीक काम होत नाही. त्या दिवसांत तुलना आणि डिट्यूनचे काम सकाळी उरका.

१२. मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहा

मूळ गाणे एका ट्रॅकवर आणि तुमचा आवाज दुसऱ्यावर ठेवा, आणि दोन्हींची पातळी आधी समान करा, कारण जो आवाज मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो. तीन प्रश्न या क्रमाने विचारा : सुराची सुरुवात किती झटकन उघडते, पट्टी सोडल्यावर आवाज किती वेळ राहतो, आणि वरची धार किती आहे. लहर सॉटूथ की स्क्वेअर हा प्रश्न त्यानंतरचा. नवशिक्ये तिथूनच सुरुवात करतात आणि तासन् तास अडकतात.

जुन्या टेपांचा वेग नेहमी काटेकोर नसे, त्यामुळे गाणे ४४० हर्ट्झच्या पट्टीत नसण्याची शक्यता असते. तसे वाटले तर पॅचमध्ये हात घालू नका. सर्जच्या सीनची (संपूर्ण आवाजाच्या मांडणीची) एकूण पिच काही सेंटने सरकवा आणि सोबत वाजवून झाल्यावर ती परत शून्यावर आणा. पॅच जुळला की त्याला गाण्याच्या नावाऐवजी वाद्याचे आणि कामाचे नाव देऊन सेव्ह करा, उदाहरणार्थ 'मिनिमूग लीड, दोन ऑसिलेटर'. कार्यक्रमापूर्वी लॅपटॉपवरचे विंडोज अपडेट आणि वायफाय बंद करा, आणि सगळे पॅच एका पेन ड्राइव्हवर वेगळे ठेवा, म्हणजे वेळ आली तर मित्राच्या लॅपटॉपवर सर्ज बसवून तेच आवाज उघडता येतील.